बाबांची खालची दाढ

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र सोमवारी मिळालं. वहिनीचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. इकडे आई ठीक आहे, दोन वेळा जेवते. बाबांचं शिलाई मशीन तिने दुकानातून आणवून खिडकीपाशी ठेवलंय. त्याच्यावर कुणाला काही ठेवू देत नाही. दुकान मी रिकामं करून दिलं.

तू लिहिलंयस, 'घरातच दातांची डॉक्टर होती म्हणून बाबांचे शेवटचे दिवस निभावले.' ते वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायचं राहून गेलं. तीन कागद फाडले.

गळ्यातली गाठ बरी झाली होती, मग नुसत्या जंतूंनी माणूस जातो कसा, असं तू विचारतोस. ते आधी सांगते. ते मला सांगता येतं.

आपल्या तोंडात कायमच असंख्य जंतू असतात. तरी गाल चावला तर दोन दिवसांत भरून येतो, कारण तोंड स्वतःची राखण करतं. लाळ सतत वाहत असते, जंतूंना धुऊन पोटात ढकलते, आंबटपणा मारते, दातांची झीज भरून काढते. तिच्यात जंतू मारणारी द्रव्यंही असतात. गालाची आतली कातडी सारखी गळते आणि चिकटलेले जंतू सोबत घेऊन जाते. आपल्याला यातलं काही जाणवतसुद्धा नाही.

गाठीवर बाबांना किरणोपचाराच्या तेहेतीस फेऱ्या झाल्या. गाठ जळाली, पण लाळेच्या ग्रंथीही जळाल्या. सुईत ओवायला दोरा ओठांत धरायचे ना, तो कोरडाच निघायला लागला. मग मशीनशेजारी पाण्याची वाटी आली. "लोकांचं तोंडचं पाणी भीतीने पळतं, माझं विजेने पळालं," असं गिऱ्हाइकांना सांगून हसायचे. भाकरीच्या प्रत्येक घासाला घोटभर पाणी लागायचं.

किरणं जबड्याच्या हाडालाही लागतात. हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. अशा हाडातून दात उपटला तर जखम भरेलच असं नाही. म्हणून शंका असलेले दात किरणांच्या आधीच काढतात. तसं तपासून द्यायला रुग्णालयाने मलाच सांगितलं होतं.

डावीकडची खालची दाढ मला तेव्हाच संशयास्पद वाटली होती. बाबा म्हणाले, "चावायला तेवढीच एक बाजू आहे गं, राहू दे." मी राहू दिली. 'दात ठीक' असं लिहून सही केली.

अकरा महिन्यांनी तीच दाढ ठणकायला लागली. रुग्णालयाच्या दंतशल्यचिकित्सकांची तारीख नऊ दिवसांनंतरची मिळाली. गोळ्या दिल्या, उतार पडेना. चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा पेशंट गेला आणि बाबा दवाखान्यात आले. येऊन थेट खुर्चीत बसले. चेहरा डाव्या बाजूने सुजलेला.

"तुला येतं ना काढायला?"

"बाबा, तुमची नाही काढता येत. मुळं तशीच ठेवून आतून साफ करता आली तर बघते."

पण त्यांचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. मुळांपर्यंत हत्यार पोचेना. अर्धा तास मी झटत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्यांनी माझं मनगट धरलं. "काढ. मी सांगतोय ना."

मी काढली, दादा.

तू म्हणशील, बापाचं दुखणं बघवलं नाही तिला. मीही स्वतःला तेच सांगत होते. पण खरं असं की त्या चार दिवसांत मी रुग्णालयात एक फोन केला असता तर त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं असतं. मी केला नाही. केला असता तर त्यांनी विचारलं असतं, ही दाढ तेव्हाच का नाही काढली? सही कोणाची? त्या प्रश्नाला मी भ्यायले.

खड्डा भरला नाही. रोज मी धूत होते आणि रोज तळाशी तेच कोरडं, पिवळट हाड दिसत होतं. तीन आठवडे मी ते दडवलं, रुग्णालयाची मिळालेली तारीखही टळू दिली. हनुवटीखाली कातडी फुटून पू आला तेव्हा कुठे त्यांना घेऊन गेले. शल्यचिकित्सकांनी विचारलं, "दाढ कुणी काढली?"

मी म्हणाले, "हलत होती. पडली."

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांना बोलायला त्रास होत होता, तरी त्यांनी शब्द जुळवले. "जेवताना पडली. मीच थुंकून टाकली."

जन्मभर ज्यांनी मापात इंचाचं खोटं केलं नाही, ते माझ्यासाठी खोटं बोलले. कागदावर तेच लिहिलं गेलं. पुढचं तुला माहीत आहे. शस्त्रक्रिया झाली, पण विष रक्तात भिनलं होतं. वॉर्डात त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "तुझ्या दादाला यातलं काही कळवू नकोस. तो तापट आहे." मी मान डोलावली. म्हणजे हे पत्र लिहून तेही मोडते आहे.

दवाखाना चालू आहे. काल एक बाई दाखवायला आल्या. मागच्या आठवड्यात मीच त्यांची दाढ काढली होती. जखम छान गुलाबी भरत होती. त्या खूश झाल्या आणि मला त्यांच्या तोंडात पाहवेना.

शल्यचिकित्सकांना सगळं खरं लिहून दिलंय. आज सकाळीच टपालात टाकलं. ते काय करायचं ते करतील. मला त्याचं काही वाटत नाही, आणि हलकंही वाटत नाही.

आई रोज विचारते, "शेवटी फार दुखलं का गं त्यांना?" मी नाही म्हणते. तेवढ्यावर ती झोपते. तिला सांगायचं का, ते तू ठरव. तू सांग म्हणालास तर सांगेन. तू येऊन सांगणार असशील तर मी त्या खोलीत थांबेन.

उत्तर नाही लिहिलंस तरी मी समजेन. खाली 'तुझी लाडकी' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच

धाकटी