समोरचे कॅमेरे मी बदलले

अहो,

गाडीचे समोरचे दोन्ही कॅमेरे बदलून झाले. मीच बदलले. तुम्ही वारज्याला गेलात आणि मी पार्किंगमध्ये मोबाइलवर व्हिडिओ लावून पुढची जाळी उतरवली. "एवढ्या महागड्या गाडीला हात लावायचा नाही," हे लक्षात होतं. तरीही लावला. जाळीची एक क्लिप माझ्याकडून तुटली, तेवढी खुशाल माझ्या नावावर टाका.

बाकीचं नाही. दसऱ्यापासून जो भेटेल त्याला सांगताय की हिने गाडी खांबाला ठोकली म्हणून कॅमेरे गेले. वरून गाडीची किल्ली तुमच्या कपाटात, आणि मी रिक्षात. जाळीच्या आत जे अडकलेलं सापडलं, ते या चिठ्ठीवर ठेवलंय. करवंटीचा तुकडा आहे. पूजेच्या दिवशी बंपरला खेटून दगडावर नारळ कोणी आपटला, ते आठवा. एक कॅमेरा तुकडा लागून फुटला, दुसऱ्याच्या वायरीत नारळाचं पाणी गेलं.

आता पडद्यावर समोरचं लख्ख दिसतंय. गाडी घेऊन नारायण पेठेत वन्संकडे चालले आहे. मी ठोकली हे त्यांना तुम्ही सांगितलंत, खरं काय ते मी सांगते. त्यांच्या गल्लीत गाडी वळवूनही दाखवते.

आमटी गरम करून घ्या. कपाटात किल्ली शोधू नका, यापुढे ती माझ्या पर्समध्ये असेल. नव्या कॅमेऱ्यांची पूजा करायचीच असेल, तर येताना नारळ आणते. हार तुम्ही घाला. नारळ मी फोडेन, गाडीपासून लांब.

प्रेमला