घरटी एक माणूस

प्रिय सम्राटदादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. ते निदान दाराखालून आत येईल.

इकडे पासलीत सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय, आई त्याहून जास्त. आशाताई म्हणून मला आता खचलेल्या माणसांशी बोलायचंही काम आलंय. वेल्ह्याला दोन दिवस प्रशिक्षण झालं. माणसाची बघण्याची नजर बदलायची, असं शिकवलं. मला वाटलं, एवढंच ना.

पहिलेच भेटले भिमाकाका. जानेवारीत अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी रोज जाऊन सांगायची, काका, काय गेलं ते बघू नका, काय उरलंय ते बघा. ते डोळे मिटून घ्यायचे. खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा.

मग भातलावणीची इर्जिक ठरली. तुला माहीतच आहे, आज याच्या शेतात, उद्या त्याच्या, घरटी एक माणूस. यादी करणाऱ्या कोंडिबांना मीच म्हटलं, भिमाकाकांचं घर वगळा, त्यांची लावणी आपण अशीच करून देऊ. मोठं पुण्य केल्यासारखी घरी आले. दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले, तर रतनकाकूंनी मला दारातच थांबवलं.

"पोरी, घर मोडलं तरच इर्जिकीतनं नाव काढत्यात. आमी अजून हाय न्हवं?"

मी माफी मागितली, नाव परत लावलं. काका ऐकेनात. शेवटी काकूंनी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, तेव्हा उठले. चौघांनी खुर्चीसकट कोंडिबांच्या बांधावर नेलं. डाव्या हातानं ते रोपांच्या मुठी पुढे सारत होते आणि दाट लावणाऱ्याला शिव्या देत होते. बोलणं अजून अडखळतं, शिव्या मात्र स्वच्छ येतात. त्या दिवशी ते सगळ्यांबरोबर पंगतीत जेवले. नजर माझीच बदलायला हवी होती.

आता मुद्द्याचं. कारखान्यात तुझा हात गेला, तेव्हा यंदा दादाला लावणीला बोलावू नकोस, असं आईला मीच सांगितलं. तुला त्रास नको म्हणून. आईकडून ते तुला कळलं, त्यानंतर तू फोन उचलणं बंद केलंस आणि उलट मीच रुसून बसले. दादा, माझं चुकलं. येत्या रविवारी भिमाकाकांच्या शेतात लावणी आहे. आईला चिखलात उभं राहवणार नाही. मी जाऊ शकते, पण जाणार नाही. आपल्या घराचा माणूस म्हणून कोंडिबांना मी तुझं नाव दिलंय.

तुझीच,
शुभांगी