वस्तीच्या विहिरीतली नाणी

१२ मार्च १९८३, लातूर
नाण्यांच्या पुडीवर गावाचं नाव वाचलं. माझंच गाव!

प्राचार्य म्हणाले, "महानंदाबाई, जुन्या नाण्यांचा अभ्यास तुमचाच. नव्या कलेक्टर कचेरीतून आलीत. ओळखून लिहून द्या."

विहीर खोदताना मडक्यात सापडली म्हणे. गावात सध्या एकच विहीर खोदायलेत — आमच्या बौद्धवाड्याची. जिल्हा वेगळा झाला तेव्हा कुठं मंजूर झालेली. नाणी खरंच जुनी निघाली तर सरकार जागा राखून ठेवणार, काम थांबणार.

१३ मार्च
तांबूस, नखाएवढी, हिरवी पडलेली. निजामाचे पैसे निघू देत!

उर्दू अक्षर एकही नाही. भिंगाखाली राजाचं डोकं, कपाळाला मोत्यांची पट्टी. उलट बाजूला शिपाई भाला मारतोय, स्वार घोड्यावरून पडतोय. पुस्तकातलं चित्र शेजारी धरलं. तेच. रोमन! चौथं शतक.

एरवी मी नाचले असते.

१४ मार्च
बाकीची पार झिजलेली, काही ओळखू येत नाही. पण एक ओळखलं की संपलं ना.

१६ मार्च
गावी जाऊन आले. टँकर वरच्या गल्लीतच रिकामा होतो. आई नदीच्या झऱ्यावर होती. वाळूत वाटी खुपसायची, भरायची वाट बघायची, घागरीत ओतायची. मीही बसले तिच्याजवळ.

घरी लिंबाजीमामा आला. मडकं त्याच्याच टिकावाला लागलेलं. "निजामाचं हाय म्हणून लिव्ह की माये. कोन बघायलंय?"

आईनं विचारलं, "खोटं लिवलं अन् कळालं तर नौकरी जाईल का?"

"जाईल."

ती उठली. भाकरी वाढली, पाणी अर्धा तांब्याच दिलं.

१७ मार्च
"निजामकालीन" असं लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं. नोकरीचंच भ्या आहे असं नाही — ते नाणं बघितलंय मी! आता बघितलं नाही असं कसं म्हणू?

१९ मार्च
खरं लिहिलं. खाली एवढंच घातलं — वस्तीला दुसरं पाणी नाही, देखरेखीखाली खोदकाम चालू ठेवावं, नाहीतर शेजारी दुसरी विहीर द्यावी.

प्राचार्य म्हणाले, "हे शेवटचं कशाला? आपलं काम नाण्यांचं."

"नाणीही त्याच विहिरीतली आहेत, सर." मी काही ते काढलं नाही.

२८ मार्च
काम बंद! विहिरीभोवती दोर बांधलाय. पेपरात कलेक्टर साहेबांचा फोटो, नव्या जिल्ह्याच्या संग्रहालयाची घोषणा. माझंही नाव छापलंय. विहिरीबद्दल एक अक्षर नाही.

स्टँडवर लिंबाजीमामा दिसला. हाक मारली. तो मान वळवून गर्दीत गेला.

२ एप्रिल
विहिरीचं विचारायला कचेरीत गेले. "वर कळवलंय." तिथला एकजण हसून म्हणाला, "मॅडम, तुमच्यामुळंच तर गाव नकाशावर आलं!"

५ एप्रिल
दार वाजलं की गावाकडून कुणी आलं म्हणून उठते. आईचा निरोपही येत नाही.

११ एप्रिल
विहिरीला पाणी लागलं! दोर तोडून सगळी वस्तीच खाली उतरली होती. गुन्हा नोंदलाय. पहिलं नाव पारूबाई — माझी आई. जागा सरकारनं राखलेली होती, नाणी खरी होती, हे सांगायला साक्षीदार म्हणून बोलावलंय — मला.