वाटीतलं कारलं, नव्वद टक्के

१ जानेवारी २०१८, सोमवार. दुपारी.

ब्याऐंशी सालातली एक दुपार आज उगाच आठवली. संपाला पाच महिने झाले होते. लालबागच्या ह्याच गॅलरीत गुणवंती आणि मी एकाच सुपात दोन घरांचे तांदूळ निवडत बसलो होतो. तिचा नवरा, उत्तम, गिरणीत विणकर, आमचे हे त्याच गिरणीत टाइम ऑफिसला. दोघेही घरी. तिने विचारलं, टीचर, कधी मिटतलो गो ह्यो संप? मी खडा बाहेर फेकत म्हटलं, गणपतीपर्यंत नक्की. तिने विश्वास ठेवला. माझा अंदाज तसा चुकला नाही. कुठल्या सालचे गणपती, ते मी म्हटलं नव्हतं.

लेकीने बंगळुरूहून येऊन माझ्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. आपला अंदाज लिहायचा, किती टक्के खात्री ते लिहायचं, तारीख टाकायची. त्या तारखेला ॲप विचारतं, खरं झालं का? महिनाअखेर मार्क देतं. त्याने म्हणे निर्णय सुधारतात. लेक म्हणाली, आई, तुला ह्याची गरज आहे. गिरगावच्या कॉन्व्हेंटमध्ये मी शिकवायचे तेव्हा सिस्टर म्हणायच्या, हिला माणसं वाचता येतात. हे लेकीला कुठून माहीत असणार.

संकल्प: ह्या वर्षी एकही निर्णय भावनेच्या भरात नाही.

४ जानेवारी.

चाळ पाडून टॉवर होणार. कमिटीचा जयवंत फॉर्म वाटून गेला. ज्यांना नव्या इमारतीत शेजारी-शेजारी घर हवं, त्या दोघांनी मिळून एकच फॉर्म भरायचा. बाकीच्यांची चिठ्ठी निघणार. शेवटची तारीख ३१ जानेवारी.

गुणवंती आणि मी एकोणचाळीस वर्षं भिंतीला भिंत. ती विचारायला येईलच. ॲपमध्ये लिहिलं: गुणवंती उद्या येणार, ९५ टक्के.

५ जानेवारी.

आली नाही. गुरुवारी तिचा उपास असतो. (काल गुरुवार होता. तरी थकवा दुसऱ्या दिवशीच जाणवतो.)

६ जानेवारी. सकाळी ११.

रक्ततपासणीचा रिपोर्ट. माझा अंदाज होता शुगर नॉर्मल, ९८ टक्के. आली दोनशे ऐंशी. कोणाची तरी बाटली माझ्या नावावर गेली असणार. ॲपला ‘खरं झालं’ असं कळवलं. लॅबच्या चुकीसाठी माझे मार्क का जावेत?

ह्यांनी रिपोर्ट घडी करून खिशात घातला आणि गुणवंतीच्या दारात पंधरा मिनिटं उभे. मी गॅलरीत गेले तर दोघं गप्प. ह्यांनी छताकडे बघून म्हटलं, पंखा कुरकुरतो. गॅलरीत पंखा नाही.

१० जानेवारी.

आज ती जयवंतशी जिन्यावर बोलत होती. हातात फॉर्म. मला बघताच पदराआड. सोबत तिसऱ्या मजल्यावरच्या आनंदीबाई.

अंदाज: गुणवंती आनंदीबाईंबरोबर फॉर्म भरणार, ७० टक्के.

अंदाज: ह्यांचं आणि गुणवंतीचं काही आहे, ५ टक्के. ह्यांचं वय अडुसष्ट, गुडघे तसे. पण ॲप म्हणतं, शून्य कधी लिहू नये.

१४ जानेवारी, संक्रांत.

मी सकाळी तिळाचे लाडू वाटीत घालून पाठवले. आमच्या दोन दारांमध्ये वाटी कधी रिकामी परत गेली नाही. संपातसुद्धा, काही नाही तर चार दाणे शेंगदाणे असायचेच. दर संक्रांतीला तिच्या लाडवांनी वाटी भरून येते. आज आली ती कारल्याची भाजी घेऊन. गुळाशिवाय. आजच्या दिवशी!

जग आज गोड देतं, हिने कडू दिलं. ह्याचा अर्थ लावायला ॲपसुद्धा लागत नाही. तरी लिहिलं: गुणवंतीने मला तोडलं आहे, ९० टक्के.

ह्यांना वाटी दाखवली. म्हणाले, बरी झाली आहे, खा. ते ५ टक्के होते ना, ते १५ केले.

दुःखात तीन लाडू खाल्ले. सणाचं गोड अंगाला लागत नाही.

१९ जानेवारी.

खीर पाठवली. परत आल्या भिजवलेल्या मेथ्या.

२३ जानेवारी.

मी तिला मुद्दाम विचारलं, काय गं, नव्या बिल्डिंगमध्ये शेजार कोणाचा मिळतोय कोण जाणे! ती हसली. म्हणाली, मिळात गो चांगलोच, काळजी कित्याक? बघितलं? ठरलेलं आहे सगळं. ९५ टक्के.

२९ जानेवारी. संध्याकाळी ५.

निर्णय घेतला. भावनेच्या भरात नाही, टक्के बघून. तिने मला सांगण्याआधी मीच मोकळी झाले. एकटीचा फॉर्म भरला, ह्यांची सही पेपर वाचता वाचता घेतली, जयवंतकडे दिला. तो दोनदा म्हणाला, टीचर, नक्की ना? मी म्हटलं, पंचाण्णव टक्के. त्याने शिक्का मारला.

छान वाटतंय. जेवण गेलं नाही, पण छान वाटतंय.

३१ जानेवारी.

सकाळी दहाला गुणवंती दारात. नवं लुगडं नेसून, देवळात निघाल्यासारखी. हातात जोडीचा फॉर्म. तिची सही दहा तारखेलाच झालेली, उत्तमच्या फोटोमागे जपून ठेवलेला. माझ्या नावाची जागा मोकळी. म्हणाली, फारम तर तूच भरतंस गो, टीचर. चाळीचे सगळे फारम तूच भरलंस. माका काय येता? मी वाट बघतंय, टीचर आज येतली, उद्या येतली. आज शेवटचो दिवस, म्हणून मीच इलंय.

मी विचारलं, मग कारलं?

ती म्हणाली, तुझी साखर दोनशे ऐंशी. भाऊजींनी रिपोर्ट दाखवल्यानी, म्हणाले तिचं गोड तू तरी बंद कर, माझं ती ऐकत नाही. लाडू घालून तुका मारू काय?

आनंदीबाई? त्यांच्याकडून तिने कारल्याची कृती घेतली होती. आणि फॉर्म पदराआड गेला तो टीचरला वाकडी सही दिसू नये म्हणून.

मी सांगितलं काय केलं ते. तिने फॉर्मची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. मग म्हणाली, पाणी दी.

जयवंतकडे धावलो दोघी. तोवर जमा झालेले सगळे फॉर्म कालच बिल्डरच्या ऑफिसात गेले. शिक्का पडलेला बदलत नाही. तो म्हणाला, मी दोनदा विचारलं होतं, टीचर. म्हणाला ते खरं.

१ फेब्रुवारी.

ॲपने मार्क दिले. ऐंशी टक्क्यांच्या वरचे तेवीस अंदाज, खरे चार. त्यातले तीन, दूध उशिरा येणार. चौथा तो शुगरचा.

लेकीला फोन केला की ॲपमध्ये बिघाड आहे. ती म्हणाली, आई, तू ज्याबद्दल लिहिलंस त्या माणसाला एकदा विचारलं असतंस तर? ॲपमध्ये तसं बटण नाही, असं मी सांगितलं.

अजून चिठ्ठी बाकी आहे. देव इतका कठोर नाही. शेजारीच घर निघणार, ९० टक्के.

१८ फेब्रुवारी, रविवार.

चिठ्ठी निघाली. आम्ही बी विंग, चौदावा मजला. गुणवंती ए विंग, तिसरा. ती लिफ्टला घाबरते, माझे गुडघे जिन्याला. जयवंत मला म्हणाला, टीचर, अभिनंदन, समुद्र दिसणार.

गुणवंती परतताना म्हणाली, खिडकीतून हाक मारशीत? मी हो म्हटलं. चौदाव्यावरून तिसऱ्यावर हाक पोचत नाही, हे दोघींना कळत होतं.

२५ मार्च. सकाळी.

उद्या चाळ रिकामी करायची. ॲप काढून टाकलं. सामान बांधणाऱ्यासाठी, म्हणजे ह्यांच्यासाठी, सूचना लिहून ठेवते.

पाटा-वरवंटा भांडीवाल्या रखमाला द्यावा. तिच्या पोरीचं लग्न ठरलं आहे. इस्त्री जयवंतला. माझे कॉन्व्हेंटचे फोटो लेकीला, ती मागणार नाही तरी. गॅलरीतली तुळस आनंदीबाईंना. पलंगाखालचा बर्फीचा डबा कोणालाच नाही. तो आज सकाळी रिकामाच होता. चौकशी करू नये.

सूप गुणवंतीला.

माझं नाव कोरलेली वाटी बांधू नये. ती आज तिच्या दारात द्यायची आहे, तिला आवडतो तो शिरा घालून. परत येताना तिच्यात कारलं असेल. टक्के घातलेले नाहीत.