माठावरची गिटार

४ ऑक्टोबर १९९२, रविवार

सटवाजी मस्कतहून आला. हा माझा मेहुणा, सुलाचा भाऊ, तिकडे ट्रक चालवतो. सगळ्यांना काही ना काही आणलंय — मला कॅसिओचा कीबोर्ड! खोका उघडून समोर ठेवला आणि म्हणाला, "दाजी, यात गिटार हाय. बटन दाबलं की गिटार. बोटं लागतच न्हाईत म्हणा ना."

बोलून गेला आणि जीभ चावली. माझ्या डाव्या हाताकडे बघून खोक्याची दोरी गुंडाळायला लागला. सुलाने चहा पुढे केला, मस्कतच्या उन्हाचं विचारलं.

तीन वर्षं झाली. चुडाव्याला सासऱ्यांच्या शेतात इंजिनाच्या पट्ट्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्याआधी बारा वर्षं माणिकरावांच्या गायन पार्टीत गिटार वाजवली. दिवसा पाटबंधारे खात्यात कारकुनी, संध्याकाळी गिटार. जयंत्या, लग्नं, नामांतराच्या सभा — जिल्ह्यात मी वाजवलं नाही असं गाव शोधावं लागेल. बोटं गेल्यावर गिटार देऊन टाकली. बघवत नव्हती.

सगळे उठून गेल्यावर बटण दाबून पाहिलं. एकट्या उजव्या हाताने. स्वर बरोबर आहेत. आवाज मात्र डासाच्या आईचा!

६ ऑक्टोबर

निर्णय झाला. कॅसिओ वाईट नाही, त्याच्या पोटातला स्पीकर वाईट आहे. बाहेरचा लावायचा.

८ ऑक्टोबर

हेडफोनच्या भोकातून वायर काढून घरातल्या टू-इन-वनला जोडली. वायर आणायला दोनदा स्टेशन रोडला गेलो, कारण पहिली पिन जाड निघाली. सटवाजी पलंगावर पडून सांगत होता, "दाजी, बेस वाढवा. दाजी, ट्रेबल कमी करा." उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातंय.

आवाज मोठा झाला, पण गिटार विहिरीत पडल्यासारखी. खालून कुणीतरी वाजवतंय आणि आपण काठावरून ओणवं होऊन ऐकतोय. तासभर बटणं फिरवली. मग बातम्या लावल्या.

११ ऑक्टोबर, रविवार

आज बन्सीधर मंडपवाल्याला बोलावलं. जुना दोस्त, पार्टीला माईक त्याचाच असायचा. मी म्हटलं घरात वाजवायला स्पीकर हवा, तर म्हणाला, "किती पब्लिक हाय?" पब्लिक नाही, मी एकटाच आहे, असं सांगितल्यावर माझ्याकडे टकामका बघत राहिला. एकट्यासाठी स्पीकर ही गोष्टच त्याच्या डोक्यात शिरेना. शेवटी सवयीने भोंगा आणि ॲम्प्लिफायर घेऊन आला.

मी एक सूर दाबला. गल्लीतल्या चार बाया कॅन घेऊन दारात! "भावजी, रेशनवर राकेल आलं का?" म्हटलं नाही, गिटार आहे. त्यातली एक म्हणाली, "मग तसं सांगावं की आदी," आणि रागारागाने निघून गेली. सुला पदर तोंडाला लावून हसत होती. मलाही हसू आलं. या घरात तीन वर्षांत माझ्या वाजवण्यावर कुणी हसलं नव्हतं — वाजवणंच नव्हतं.

१३ ऑक्टोबर

दिवसभर लाईट नाही. कॅसिओला सेल टाकावेत का, सुलाने विचारलं. नको म्हटलं.

१५ ऑक्टोबर

बन्सीधरने लाकडी बॉक्स आणला. दोघांनी उचलून आणला तरी दारात अडकला. आडवा करून आत घेतला. वाजवला तर फडताळातल्या ताटल्या नाचायला लागल्या, देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेली बाबासाहेबांची तसबीर कलली. सुलाने ती दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "एकतर ह्यो राहील न्हाईतर मी."

बॉक्स परत गेला. तसा तो बरा होता. मैदानात बरा वाटला असता.

१८ ऑक्टोबर, रविवार

माणिकराव आले. आता केस पांढरे झालेत, पण दारातूनच हाक मारायची सवय गेली नाही. कॅसिओची बातमी त्यांना कशी लागली विचारलं तर म्हणाले, "राकेलवाल्या बायांनी सांगितली."

कॅसिओ त्यांना हवाय. सहा डिसेंबरला गावोगाव अभिवादनाचे कार्यक्रम आहेत, पार्टीत आता गिटार वाजवणारा कुणी नाही. "तुला होत नसंल तर दे. घरात पडून काय अंडी घालनाराय का?"

राग आला, पण खोटं नव्हतं. मला कॅसिओ नकोच आहे, मला माझी गिटार हवी आहे. या घरात ती एकदा तरी पहिल्यासारखी वाजली पाहिजे. नाही वाजली तर हे खेळणं डोळ्यांसमोर नको. रोज जखमेवर मीठ कोण चोळून घेणार? त्यांना सांगितलं, अजून एक स्पीकर बघतो. जमलं नाही तर घेऊन जा.

सुला आत भाकरी थापत होती. थापायचा आवाज मध्येच थांबला होता, एवढं लक्षात आहे.

२० ऑक्टोबर

सटवाजी परत गेला. बसमध्ये चढताना म्हणाला, "अक्काला इचारल्याबिगर देऊ नका." भावाची भेट देऊन टाकली तर बहिणीला वाईट वाटेल म्हणून म्हणत असेल. पण भेट तर माझी आहे!

२२ ऑक्टोबर

माठ! हे बन्सीधरने सांगितलं. माठाच्या तोंडावर स्पीकर उपडा ठेवायचा, आवाजाला पोट येतं. सोनपेठकडे पोरं असंच करतात म्हणे. टू-इन-वनच्या मागे बाहेरचा स्पीकर जोडायची सोय आहेच. सहा इंची स्पीकर आणला. माठ घरातलाच उचलला.

"अन् प्यायचं पानी कशात ठिवू? कॅसिओत?" सुला.

पाणी घागरीत गेलं. माठ दिवसभर उन्हात वाळवला. कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली, नाहीतर खरखर येते.

२३ ऑक्टोबर

माठ जिंकला. आवाज गोल झाला, भरला. खालच्या तारेचा सूर दाबला की खोलीत कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की हो, ही गिटार आहे.

पण माझी नाही. अर्धा तास वाजवलं, माठ कोपऱ्यात नेला, पलंगाखाली नेला, खिडकीत ठेवला. नाहीच. शेवटी सुलावरच ओरडलो, की हे असलं कधी वाजवत होतो का मी?

ती शांतपणे म्हणाली, "असंच तर यायचं."

"तुला काय कळतंय?"

"बारा वर्सं बायांत बसून मीच ऐकलंय. तुमी कवा म्होरं बसून ऐकलाव का सोताचं?" मग जाता जाता, "अन् ते सातवं बटन दाबा. तुमी उगं पाचवंच दाबायलाव."

जेवलो नाही. बारा वर्षं वाजवली मी, आणि शिकवणार ही! सातवं दाबून पाहिलं. तेच बरोबर होतं. सटवाजीने सांगितलं असणार तिला.

२५ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी. गल्लीत फटाके. दोन दिवस सुलाशी बोललो नाही, आज बोललो. लाज वाटली म्हणून.

तिचं म्हणणं डोक्यातून जात नाही. खरंच, मी कधी समोर बसलो नाही. वाजवणारा समोर बसणार कसा? माझी गिटार पोटाला टेकलेली असायची, तारेचा थरकाप छातीत यायचा, ॲम्प्लिफायर गुडघ्याशी गुरगुरायचा. मी त्यालाच गिटार म्हणत आलो. या कॅसिओत कुणीतरी समोरच्या खुर्चीतून ऐकलेली गिटार भरून ठेवली आहे. जपानी माणसाला माझ्या पोटाचं काय ठाऊक?

म्हणजे दोष स्पीकरचा नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, असं नाही म्हणणार मी — नाचता येत होतं, पायच राहिले नाहीत. माठ आणा, रांजण आणा, ती परत येणार नाही. हे तीन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. आज कळलं आणि फार रडावंसं वाटलं. रडलो नाही, घरात फराळाला माणसं होती.

२६ ऑक्टोबर

सुलाला सांगितलं, कॅसिओ माणिकरावांना देतो. पार्टीत वाजेल तरी.

"बरं," म्हणाली. पातेली फडताळात जरा जोरात लावली. तुला हवाय का, असं विचारलं नाही. तिला कशाला हवा असेल!

३० ऑक्टोबर

माणिकराव मंगळवारी येणार. मी ऑफिसातून दुपारीच निघेन. सुलाला मंगळवारचं बोललो नाही — खोका बांधायला ती लागत नाही.

३ नोव्हेंबर, मंगळवार

माणिकराव ऑफिसवर रिक्षा घेऊन आले. गल्लीत वाळूचा ढीग पडलेला, रिक्षा आत जाईना. उतरून चालत निघालो.

बोअरिंगच्या हापशाजवळ आलो आणि पाय थांबले. माझ्या घरातून गिटार येत होती. कार्यक्रमाच्या आधी, लोक जागेवर बसेपर्यंत मी वाजवायचो तो तुकडा. सबंध. तिसऱ्या वळणावर मी कायम घाई करायचो — तिथे तशीच घाई. एका दिवसात येणारं हे वाजवणं नव्हतं.

माणिकरावांनी माझा दंड धरला. "आरं, तू तर हितं हायस. मग आत कोन वाजवायलंय?"

घरात सुला एकटी होती. माणिकरावांना म्हटलं, रिक्षा परत न्या, कॅसिओ माझा नाही. मग बोअरिंगच्या कट्ट्यावर बसलो आणि तिचं संपेपर्यंत ऐकलं.