पाचव्या काउंटची जागा

लोर्वी, संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस

तीर्थरूप ओदोंदादास, एर्माचा शि. सा. न. वि. वि.

तुझं मठाधिपतीपण आणि तुझं पोट, दोन्ही उत्तम वाढत असेल. मॉर्व्हालचे चार काउंट तुझ्या देवळात फरशीखाली ओळीनं निजले आहेत. पाचवी जागा माझ्या नवऱ्याची, ग्वीची. पण माझ्या दिरानं, रेनोनं, ईस्टरच्या आठवड्यात, हत्यार उचलायचीच बंदी असताना, सख्ख्या भावाला शिकारीत मारलं, कुठंतरी पुरलं आणि गादी बळकावली. परवा जेवायला बोलावून मला म्हणाला, वहिनी, ती पाचवी फरशी आता माझ्यासाठी राखून ठेवायला सांगा तुमच्या भावाला.

दादा, संत कोपल्याची खूण म्हणून त्याच्या अस्थी वेदीवरून जमिनीवर काट्यांत उतरव, घंटा बंद कर, रेनोला वाळीत टाक. मला ग्वी परत हवा, आणि रेनोला त्या देवळात जागा मिळता कामा नये.

बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.
तुझी एर्मा

मठ, नाताळच्या आधीचा आठवडा

चि. एर्मास ओदोंचे अनेक आशीर्वाद.

पोटाची चौकशी पोचली. मठाची पाणचक्की रेनोच्या ओढ्यावर चालते, म्हणून थोडी कच खाल्ली, रागावू नकोस. आता संताच्या अस्थींची पेटी काट्यांवर आहे. मुलुखभर घंटा गप्प, लग्नं अडली, मढ्याला माती नाही. लोहारणीनं गढीच्या दारात रेनोला विचारलं म्हणे, की धनी, माझी सासू अंगणात पडून आहे, तिला तुमच्या पलंगावर निजवू का?

रेनो तापानं अंथरुणाला खिळला आहे. निरोप आलाय, की वहिनीनं शांतीचं चुंबन द्यावं, मग ग्वीची जागा सांगतो. रीत तुला ठाऊक आहे. ओठांना ओठ लागले की वैर मिटलं, आणि मग मला त्याला देवळाबाहेर ठेवता येणार नाही. संताला सोडून मला हलता येत नाही. तूच ठरव.

जिवाला जप.
ओदों

गढी, नाताळचा तिसरा दिवस

तीर्थरूप दादास, एर्माचा शि. सा. न.

रेनो ओळखू येत नव्हता. म्हणाला, लवकर करा वहिनी, थंडी वाजतेय. मी म्हटलं, भाऊजी, आधी जागा. कुत्र्यांच्या पडवीत, म्हणाला. मी इथं राहत होते तेव्हा ग्वीची कुत्री तिथंच जमीन उकरायची आणि मीच त्यांना काठी दाखवायची. हे आठवून फार रडले. खणून पाहिलं. ग्वीच्या पट्ट्याचं बक्कल मीच बसवलं होतं, ते ओळखलं.

मग रेनोकडे परत गेले आणि वाकले. ऐनवेळी मान वळवली आणि गालाला नुसता गाल लावला. तापात त्याला कळलं नाही. समाधानानं डोळे मिटले ते कायमचेच. ग्वीला गाडीतून तुझ्याकडे पाठवते आहे. धर्मशास्त्र तुझं, म्हणून विचारते. एवढ्यानं वैर मिटतं का?

उत्तराची वाट पाहते.
एर्मा

मठ, नववर्षदिन

चि. एर्मास आशीर्वाद.

ग्वी पाचव्या फरशीखाली निजला. संताची पेटी वर चढवली, घंटा वाजल्या, लोहारणीच्या सासूलाही माती मिळाली.

तू विचारलंस त्याचं उत्तर, नाही मिटत. पडवीतला खड्डा अजून बुजवला नसशील तर राहू दे. रेनोला तिथंच ठेव.

तुझा दादा,
ओदों