जास्तीचा पेला

३१ जानेवारी, शनि.
वसंतला हॉस्पिटलमधून घरी आणून आठवडा झाला. एक स्टेंट. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. वजन उचलायचं नाही, धावपळ करायची नाही, चिडायचं नाही. तिसरं पथ्य बायकोच्या हातात आहे, असं हा डॉक्टरांच्या तोंडावर म्हणाला. म्हणजे बरा होतोय.

उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन, भाकरीचा तुकडा आणि पेलाभर द्राक्षारस. द्राक्षं आणायला यंदा एकटी गेले आणि आंबट घेऊन आले. "मी असतो तर आधी एक खाऊन बघितलं असतं, शीला." रस उकळला, गाळला. त्याने चमचाभर चाखून साखर किती ते सांगितलं. इतकी वर्षं चर्चचा द्राक्षारस हाच चाखतो आणि चर्चमध्ये पाऊल ठेवत नाही. मला सोडायला येतो, उपासना संपेपर्यंत बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर पेपर वाचतो. मी ख्रिस्ती ती ख्रिस्ती, तो हिंदू तो हिंदू. लग्नात तसंच ठरलं होतं, दोघांनीही पाळलं.

आभार: डॉक्टर. तो रिक्षावाला, ज्याने त्या दिवशी पैसेच घेतले नाहीत. आणि शेजारच्या खोलीतून येणारं हे घोरणं, ज्याच्यावर मी आयुष्यभर वैतागले.

१ फेब्रु., रवि.
हट्ट करून आलाच. बेव्हर्ली पार्कहून खारीगावापर्यंत रिक्षा, आमचं चर्च भरतं तो शाळेचा हॉल, त्याचं बाक, त्याचा पेपर.

नवे पाळकसाहेब, जोएल. पोरगाच आहे हो. आवाज चांगला, अभ्यास चांगला, दाढी मात्र अजून नीट आलेली नाही. उपदेशाचा विषय: ख्रिस्त कुणासाठी मेला? आम्ही लहानपणापासून पाठ केलंय, सगळ्यांसाठी. हे म्हणाले, नाही. देवाने आधीपासून निवडलेल्यांसाठी. मेंढपाळ आपल्या मेंढरांसाठी प्राण देतो, रानातल्या प्रत्येक जनावरासाठी नाही. पुढच्या रांगेतून दोघातिघांनी माना डोलावल्या, बाकीचे घड्याळ बघत होते.

मग प्र. भो. मी शेवटच्या खुर्चीवर, ट्रे माझ्याकडे शेवटी येतो. एक पेला उरला. उरणारच, मी भरतेच एक जास्त.

स्पीकर व्हरांड्यातही लावलाय हे मी विसरले होते. रिक्षात वसंत म्हणाला, "म्हणजे आम्ही जनावरं." मी हसले. तोही हसला.

जेवण झाल्यावर पेले धुवायचं काम त्याचं. दर महिन्याला. गरम पाणी, लिंबाची फोड, जुन्या धोतराचं फडकं. काचेचे ते अंगठ्याएवढे पेले असे लखलखीत करतो की मला कधी जमलं नाही. आज ट्रे त्याच्यापुढे ठेवला तर म्हणाला, "तूच धू. ज्यांच्यासाठी आहे त्यांनीच हात लावलेला बरा."

या वेळी हसला नाही.

२ फेब्रु., सोम.
मीच धुतले. एकाचा कडेला टवका उडवला.

उरलेला भरलेला पेला बेसिनमध्ये ओतवेना. आजवर तो रिकामा कोण करत होतं हा प्रश्नच मला पडला नव्हता. ट्रे त्याच्याकडे द्यायचा आणि आडवं व्हायचं, हा माझा रविवार. शेवटी पेल्यावर वाटी पालथी घातली आणि फ्रीजच्या दारात ठेवला, अंड्यांशेजारी.

हा पेला कुणाचा ते मी कुणाला सांगितलेलं नाही. वसंतलाही नाही. इथे लिहिते. त्याचा आहे. दर महिन्याला शेवटी भरते आणि मनात म्हणते, देवबापा, हाही. एवढीच प्रार्थना. मोठ्या प्रार्थना मला येत नाहीत. आणि आता हा पोरगा सांगणार की एखाद्यासाठी नसेल तर नसेलच, तू कितीही पेले भर.

वसंत त्यात नसेल तर मला तरी त्या स्वर्गात जाऊन काय करायचंय. असं लिहू नये. लिहिलं.

४ फेब्रु., बुध.
पाळकसाहेबांना फोन.
"तुमचा उपदेश बाहेरसुद्धा ऐकू जातो."
"चांगलंय की, मावशी."
"चांगलं नाहीये." मग सगळं सांगितलं. पेल्याचं सोडून. आवाज चढला माझा. टेलिफोन खात्यात तीस वर्षं लोकांच्या शिव्या गोड आवाजात ऐकल्या, त्याचा साठा कुठेतरी शिल्लक असणार.
ते म्हणाले, "शनिवारी घरी येऊ का? काकांना चालेल?"
चालेल म्हटलं. आणि पोह्यांत शेंगदाणे चालतात का तेही विचारलं. रागात असलं तरी विचारावं लागतं.

६ फेब्रु., शुक्र.
मर्सी आली, पालीहून. आमच्या एक्स्चेंजमधली, नवऱ्याची होडी. वसंतसाठी सुके बोंबील घेऊन आली, खारट बंद सांगितलंय तरी. तिला विचारलं, तुम्हा कॅथलिक लोकांत याचं काय?
"आमच्यात गुड फ्रायडेला सगल्यांसाठी प्रार्थना करतात. जे देवालाच मानीत न्हाय त्यांच्यासाठी पन."
"आणि मग मिळतं त्यांना?"
"ते मला काय म्हाईत? मागायचं तं मागायचं. तू पन ना शीला, लई डोकं लावतेस."
तिच्यावर जीव आहे माझा. डोकं मात्र शांत झालं नाही. वसंतने दोन बोंबील भाजून खाल्ले, मी बघितलं नाही असं समजून.

७ फेब्रु., शनि.
आले. पाळकसाहेबांना बुटांची लेस सोडायलाच पाच मिनिटं लागली, घाबरलेले होते बहुतेक. वसंतने पोह्यांची बशी त्यांच्या हातात येऊ दिली आणि विचारलंच, "काय हो, मी त्यात आहे की नाही?"
"मला माहीत नाही, काका."
"रविवारी तर फार ठाम होतात."
"ज्याच्यासाठी तो मेला त्यातला एकही हरवणार नाही, एवढंच ठाम आहे. त्यात कोण नाही हे मला कळायला मार्ग नाही. कुणालाच नाही."
मी मध्ये पडले. म्हटलं, सगळ्यांसाठी मेला म्हणायला काय जातं? शास्त्रात सगळं जग असं लिहिलंय ना?
"लिहिलंय, मावशी. आणि मेंढरंही लिहिलंय." मग बशी खाली ठेवली. "माझे वडील दारूत गेले. शेवटपर्यंत देवाला शिव्या. सगळ्यांसाठी दार उघडं आहे, ज्याने त्याने आत यायचं, एवढंच असेल तर ते आत आलेच नाहीत. विषय संपला. पण आत घेणं देवाच्या हातात असेल तर त्या शेवटच्या रात्री त्याने काय केलं ते मला माहीत नाही. तेवढी एक जागा उरते माझ्यासाठी. म्हणून मी हे धरून आहे."

मी ज्या शिकवणीने चार दिवस होरपळतेय, तिच्याच आधाराने हा मुलगा उभा आहे. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. राग कुठे ठेवावा कळेना, म्हणून चहा टाकायला गेले.

आतून ऐकलं, वसंत विचारत होता, वडील कुठे होते नोकरीला. मग दोघं बराच वेळ बोलत बसले. जाताना त्यांनी व.चा हात हातात घेतला आणि म्हणाले, "परवा मी बोललो ते तुम्हाला लागलं. सॉरी. मत बदललेलं नाही, काका, पण सॉरी."

ते गेल्यावर वसंत: "खरं बोलतो पोरगा. हिशेब पटला नाही, पण माहीत नाही म्हणायला दम लागतो."

आभार: सरळ माणसं. माझ्याशी वाद घालणारीसुद्धा.

८ फेब्रु., रवि.
आज लिहायचंच आहे.
संध्याकाळी अंडी काढायला फ्रीज उघडला. पेला नाही. जाळीत पालथा, धुतलेला, लखलखीत.
"वसंत, तो पेला?"
"प्यायलो."
"का?"
"का म्हणजे? दर महिन्याला पितो. तू झोपतेस तेव्हा. एक उरलेला असतोच की. द्राक्षं मी निवडायची, साखर मी सांगायची, आणि ओतून टाकायचं?" मग, "का गं? प्यायचा नसतो का?"

मी तिथेच स्टुलावर बसले. त्याला वाटलं मला चक्कर आली. छातीला हात लावत तोच धावला, आणि मी ओरडले, धावू नकोस. दोघंही ओरडलो. मग मी रडले. मग सांगितलं त्याला, तो उरत नाही रे, मी भरते. तुझ्या नावाने. लग्न झाल्यापासून नाही, पण चर्चच्या ट्रेचं काम माझ्याकडे आलं तेव्हापासून.

अंडी त्यानेच फोडली. भुर्जीत मीठ विसरला. तशीच खाल्ली, पथ्यच आहे म्हणून.

इतकी वर्षं मी मागत होते, हाही, हाही. आणि तो आत ओट्यापाशी उभा राहून पीत होता. हसू येतंय. कुणाला सांगू? देवबापा, तू हसत असशील तर मला कळू दे.

१५ फेब्रु., रवि.
उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठून पेल्याचं सांगितलं. लपवून ठेवणं बरं वाटेना. विश्वास न ठेवणाऱ्याने घेऊ नये हा नियम मलाही माहीत आहे, मीच संडे स्कूलला शिकवलाय.

ऐकून त्यांनी शाळेच्या मैदानाकडे बघितलं. पोरं क्रिकेट खेळत होती.
"काय मनात आणून पितात?"
"विचारलं नाही."
"शास्त्राप्रमाणे मला नको म्हणायला हवं, मावशी."
"म्हणा मग."
नाही म्हणाले. म्हणजे 'नको' असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "मला वेळ द्या. प्रार्थना करतो." आणि मग, "गुड फ्रायडेला क्रूसावरच्या सात उद्गारांपैकी पहिल्यावर, 'हे बापा, त्यांना क्षमा कर' यावर, तुम्ही बोलाल का?"
मला वाटलं विषय बदलतायत. आता वाटतं, नसावेत बदलत.

१ मार्च, रवि.
प्र. भो. जास्तीचा भरावा की नाही, सकाळी बाटली हातात घेऊन उभी होते. आता तो चुकून उरलेला पेला राहिला नाही, त्याला माहीत आहे. भरला. पेला उरून घरी आला.
दुपारी झोपले नाही, सोंग घेतलं. पाण्याचा आवाज. पेले एकमेकांना लागल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. काही पुटपुटला का? पंखा बंद करायला हवा होता.
धुतो आहे पुन्हा, एवढंच पुष्कळ.

१९ मार्च, गुरु. पाडवा
वजन उचलायचं नाही म्हणून गुढीची काठी मी धरली, कलश त्याने बसवला. समोरच्या गुजराती भाभी बघून म्हणाल्या, "आज आंटी ने पकडा है!" म्हटलं, आज अंकल का दिल नाजूक है. श्रीखंड त्याला एक चमचा. कडुलिंब मला जास्त, मुद्दाम.
गॅलरीत ती गुढी आणि आत माझा क्रूस, एकाच भिंतीच्या दोन बाजू. इतक्या वर्षांत भांडण म्हणून झालं ते टीव्हीच्या रिमोटवरून.
आभार, आभार.

३ एप्रिल, गुड फ्रायडे
बोलले. चार पानं लिहून नेली होती, ती पर्समध्येच राहिली. एवढंच सांगितलं की ख्रिस्ताला खिळे ठोकणाऱ्या शिपायांनी क्षमा मागितलीच नव्हती. त्यांना मागायचं सुचलंही नसेल, ते त्यांच्या कामात होते. तरी त्याने त्यांच्यासाठी मागितली. ती कुणाकुणाला मिळाली ते कुठे लिहिलेलं नाही. मला एवढंच कळतं की त्याने मागताना कुणाला वगळलं नाही. आणि बसले.
पाळकसाहेब मान खाली घालून होते. शेवटच्या उद्गारावर ते स्वतः बोलले.
बाहेर आले तर व.चं बाक दाराशी सरकवलेलं. म्हणाला, तिकडे ऊन येत होतं.

५ एप्रिल, ईस्टर
द्राक्षं या वेळी त्याने आणली, खाऊन बघून. गोड. साखर लागली नाही.

हॉल गच्च. नवे लोक, पाहुणे, मर्सीसुद्धा तिच्या चर्चची मिसा आटोपून आली. ट्रे रांगेरांगेने फिरत असताना मी मोजत होते, पेले पुरतात की नाही. माझ्याकडे आला तेव्हा दोनच उरले होते. मी माझा घेतला.

शेवटी ट्रे आवरून निघाले, तर दारात पाळकसाहेब. ट्रेकडे बघितलं. त्यात तो एकच भरलेला. मी वाट बघत राहिले. काय बोलायचं ते सगळं माझ्याकडे तयार होतं, दोन महिन्यांपासून.
त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी केली, पेल्यावर ठेवली.
"रस्ता खराब आहे, मावशी. काकांना सांगा, नीट धरायला."

सांगितलं. वसंतने ट्रे मांडीवर घेतला. खारीगावापासून घरापर्यंत तो रस्ता खणलेला, रिक्षावाला मोबाइलवर बोलतोय, आणि हा दोन्ही हातांनी त्या एका पेल्याला धरून बसलेला, पेपर बाकावरच विसरून. मधेच विचारलं, "तो काय म्हणाला? माझं नाव घेऊन म्हणाला?"
"काकांना सांगा, म्हणाले."
घर येईपर्यंत रुमालावर एक डाग पडला नाही.

आता जेवण झालंय. मी आडवी झालेय, पंखा बंद, काही पुटपुटला तर कळावं म्हणून. आत तो ट्रेपाशी आहे, पाणी अजून सुरू झालेलं नाही.